गाडीची चाके कमी कष्टांत स्वच्छ कशी ठेवावीत : नव्या गाडीमालकांसाठी

गाडी घेतली तेव्हा ती धुण्यातला बहुतेक वेळ बॉनेट आणि छत यांवर जाईल, असे मला वाटले होते. प्रत्यक्षात रविवारची अर्धी सकाळ पुढच्या दोन चाकांसमोर पाट मांडून बसण्यात जाऊ लागली. काथ्याने आणि भांड्यांच्या साबणाने घासून बोटे दुखायची, आणि बुधवार उजाडेपर्यंत चाके पुन्हा काळपट झालेली असायची. दोन-तीन चुका चांगल्याच महागात पडल्यावर माझ्या लक्षात आले की जी घाण घासून निघणारच नव्हती ती मी घासत बसले होते, आणि जी नुसत्या पाण्याने निघाली असती ती आठवडेच्या आठवडे चिकटू देत होते. आता चारही चाकांना मिळून आठवड्याला साधारण पंधरा मिनिटे लागतात. त्यासाठी वर्षातून दोनदा एक सकाळ मन लावून द्यावी लागते. ती कशी द्यायची आणि एरवी काय करायचे, ते पुढे क्रमाने लिहिले आहे.

१. चाकावर नेमके काय बसते ते समजून घ्या

ब्रेक दाबला की पॅड चाकाबरोबर फिरणाऱ्या चकतीवर, म्हणजे डिस्कवर, आवळले जातात आणि घर्षणाने दोन्ही थोडे थोडे झिजतात. डिस्क बहुतेक गाड्यांत बिडाची असते. त्यामुळे चाकावर बसणाऱ्या काळ्या भुकटीत पॅडच्या मसाल्याबरोबर लोखंडाचे बारीक कणही असतात. यातले काही कण तापलेल्या अवस्थेत उडतात आणि रिमवरच्या पारदर्शक लॅकरमध्ये रुततात. पुढे त्यांना पाणी लागले की ते गंजतात. पांढऱ्या किंवा चंदेरी रिमवर जे तांबूस ठिपके दिसतात आणि साबणाने हलत नाहीत, ते हेच. रिम गंजली असे समजून अनेक जण घाबरतात. बहुतेक वेळा गंज त्या कणांचा असतो, रिमचा नव्हे.

ब्रेक लावताना गाडीचे वजन पुढे झुकते आणि पुढच्या ब्रेकांना जास्त काम पडते, म्हणून पुढची चाके अधिक काळी होतात. मागे ड्रम ब्रेक असतील तर त्यांची बरीचशी भुकटी ड्रमच्या आतच राहते. यात काळजी करण्यासारखे काही नाही. मात्र पुढच्या दोन चाकांपैकी एकच दुसऱ्यापेक्षा ठळकपणे काळे होत असेल, तर आधी गॅरेज गाठावे. त्या बाजूचा कॅलिपर, म्हणजे पॅड दाबणारा भाग, अडकून पॅड सतत घासत असण्याची शक्यता असते.

उरलेली घाण रस्त्याची. कोकणातली जांभ्याची लाल माती बारीक खाचांत शिरून रंग धरते, तर मराठवाड्यातली आणि विदर्भातली काळी माती ओली असताना लोण्यासारखी चिकटते आणि वाळली की दगड होते. त्यात नव्या रस्त्याचे डांबर आणि बांधकामाजवळून गेल्यावर उडणारे सिमेंटचे पाणी यांचीही भर पडते. सिमेंटचे शिंतोडे त्याच दिवशी धुवावेत. ते एकदा धरले की लॅकर घेऊनच सुटतात.

२. तुमचे चाक कोणत्या प्रकारचे आहे ते पाहा

साध्या लोखंडी रिमवर प्लास्टिकचे व्हील कव्हर असेल, तर तुमचे काम सर्वांत सोपे आहे. कव्हर हलक्या हाताने ओढून काढावे, बादलीत बुडवून धुवावे आणि आतली रिम ब्रशने घासावी. कव्हर परत बसवताना व्हॉल्व्हसाठी ठेवलेली खाच व्हॉल्व्हसमोरच आली पाहिजे, नाही तर हवा भरताना पंचाईत होते.

गॅरेजवाले ज्याला मॅगव्हील म्हणतात ते अलॉय चाक बहुधा रंगवून वर लॅकर दिलेले असते. डायमंड कट प्रकारात दर्शनी भाग यंत्रावर कातून चकचकीत केलेला असतो आणि त्यावर लॅकरचा फक्त पातळ थर असतो. फुटपाथला घासून तो फुटला की पाणी आत शिरते आणि लॅकरखाली पांढुरक्या अळीसारख्या रेषा पसरू लागतात. त्या कोणत्याही साबणाने निघत नाहीत, त्यामुळे घासण्यात शक्ती घालवू नये. क्रोम केलेली किंवा लॅकर नसलेली पॉलिश्ड चाके असतील, तर खाली सांगितलेला कोणताही द्राव आधी आतल्या बाजूला छोट्या जागी लावून पाहावा.

३. लागणारे सामान

• दोन बादल्या : एकीत शाम्पूचे पाणी, दुसरीत ब्रश खळबळण्यासाठी साधे पाणी. दुसरीच्या तळाशी भाजीची जुनी प्लास्टिकची चाळण उपडी ठेवावी, म्हणजे खर खाली बसते आणि ब्रशला पुन्हा लागत नाही.
• गाडीचा सौम्य शाम्पू. भांड्यांचा साबण चाकावरचे संरक्षक मेण काढून टाकतो.
• मऊ केसांचा लांब दांड्याचा ब्रश, नटांच्या खोबणींसाठी दात घासायचा जुना ब्रश, आणि टायरसाठी वेगळा राठ ब्रश.
• तीन-चार मायक्रोफायबर फडकी, केवळ चाकांसाठी राखलेली.
• रबरी हातमोजे, स्प्रेची रिकामी बाटली, बसायला पाट.
• वर्षातून दोनदा लागणारे : आयर्न रिमूव्हर (लोहकण विरघळवणारा द्राव), डांबर काढायचा द्राव, आणि चाकांसाठीचा सीलंट (संरक्षक थर देणारा द्राव).

फडकी वेगळी ठेवण्याचा मुद्दा किरकोळ नाही. सोसायटीत सकाळी गाड्या पुसणारे काका बहुधा एकाच ओल्या फडक्याने चाक आणि दरवाजा पुसतात, आणि चाकावरचे लोखंडाचे कण दरवाजावर बारीक चरे पाडतात. मी काकांना वेगळ्या रंगाची दोन फडकी आणून दिली आणि चाके त्यांनी पुसूच नयेत, अशी विनंती केली. त्यांना अर्थातच आनंद झाला.

काय आणू नये, तेही सांगते. तारेची घासणी आणि भांड्यांचा हिरवा स्क्रबर लॅकरवर कायमचे ओरखडे पाडतात. रॉकेल किंवा डिझेलने पुसलेले चाक तासभर चमकते, पण ते टायरच्या रबराला लागून रबर खराब करते. आणि शौचालय साफ करायचे ॲसिड तर मुळीच वापरू नये. शेजारच्यांच्या सल्ल्यावरून मी ते एकदा पाण्यात मिसळून लावले होते. ठिपके खरोखर गेले. पण त्या जागी तळहाताएवढे दोन निस्तेज पट्टे उमटले. गाडी आजही त्यांच्यासह फिरते आहे.

४. जागा आणि वेळ ठरवा

चाक थंड हवे. बाहेरून आल्याबरोबर धुवायला बसू नये. किमान अर्धा-पाऊण तास जाऊ द्यावा आणि हाताचा मागचा भाग रिमजवळ नेऊन अंदाज घ्यावा. तापलेल्या चाकावर शाम्पू किंवा द्राव लगेच वाळून डाग धरतो, आणि तापलेल्या डिस्कवर थंड पाण्याचा मारा करणे डिस्कच्या दृष्टीनेही बरे नाही. सावलीची जागा आणि सकाळची वेळ उत्तम.

पूर्ण गाडी धुणार असाल तर चाके आधी धुवावीत. उलट क्रमाने केले तर धुतलेल्या दरवाजांवर काळे शिंतोडे उडतात आणि ते काम दोनदा करावे लागते. तसेच एका वेळी एकच चाक सुरुवातीपासून शेवटपर्यंत पुरे करावे. चारही चाकांना फेस लावून ठेवला, तर चौथ्यापर्यंत पोहोचेस्तोवर पहिले वाळलेले असते.

५. आधी पाणी, तेही आतल्या बाजूने

ब्रश लावण्यापूर्वी भरपूर पाण्याने सुटी घाण वाहून जाऊ द्यावी. आऱ्यांच्या मधून हात घालून रिमच्या आतल्या गोल भिंतीवर पाणी पोहोचले पाहिजे. बहुतेक जण, आणि अनेक वर्षे मीही, फक्त दर्शनी भाग धुतात.

याची किंमत मला एका जुलैत कळली. ताम्हिणी घाटातून परतताना पाऊस होता आणि एका ठिकाणी गाडी चिखलात बरीच रुतली होती. दुसऱ्या दिवशी महामार्गावर वेग ८०च्या आसपास गेला की स्टिअरिंग थरथरू लागले. बॅलन्सिंग बिघडले असे समजून मी टायरच्या दुकानात गेले. तिथल्या मुलाने यंत्र सुरू करण्याआधी आऱ्यांमधून स्क्रू ड्रायव्हर आत घातला आणि उजव्या पुढच्या रिमच्या आतून वाळलेल्या चिखलाचे एक ढेकूळ बाहेर काढले. बाकीचे त्याने पाण्याच्या फवाऱ्याने धुतले, पैसे घेतले नाहीत, आणि थरथर तिथेच संपली. चाकाच्या समतोलासाठी रिमवर काही ग्रॅमची वजने चिकटवलेली असतात, हे आठवले म्हणजे मूठभर चिखल काय करू शकतो ते लक्षात येते.

प्रेशर वॉशर वापरत असाल तर त्याचे तोंड टायरच्या बाजूपासून निदान फूटभर लांब ठेवावे आणि व्हॉल्व्हवर किंवा त्या चिकटवलेल्या वजनांवर धार रोखू नये.

६. टायर, मग आतली भिंत, मग आरे

टायर आधी राठ ब्रशने घासावा, कारण त्यावरून निघणारे तपकिरी पाणी रिमवरच ओघळणार असते. हा तपकिरी रंग केवळ मातीचा नसतो. ओझोनने रबराला तडे जाऊ नयेत म्हणून टायरमध्ये मिसळलेले रसायन हळूहळू पृष्ठभागावर येते आणि तपकिरी पडते; टायर खराब झाल्याचे ते लक्षण नव्हे.

त्यानंतर लांब ब्रशने रिमची आतली भिंत, मग आऱ्यांच्या कडा, मग नटांच्या खोबणी आणि सर्वांत शेवटी दर्शनी भाग, असा क्रम ठेवावा. ब्रश दर दोन-तीन फेऱ्यांनंतर साध्या पाण्यात खळबळावा. दर्शनी भागावर ब्रशऐवजी शाम्पूत भिजवलेले फडके पुरते. जोर लावण्याची गरज वाटू लागली, तर तिथे जोराऐवजी पुढच्या पायरीची गरज आहे असे समजावे.

७. रुतलेल्या लोहकणांसाठी आयर्न रिमूव्हर, वर्षातून दोनदा

तांबूस ठिपक्यांवरचा खरा उपाय हा आहे. यात बहुधा थायोग्लायकोलेट वर्गातले क्षार असतात. ते लोखंडाशी संयोग पावून त्याला पाण्यात विरघळणारे रूप देतात आणि तसे होताना जांभळा रंग येतो. केस काढण्याच्या क्रीममध्येही याच कुळातली रसायने असतात, म्हणून वासही तसाच उग्र येतो. हातमोजे घालावेत आणि बंद पार्किंगमध्ये हे काम करू नये.

पायरी ६ पूर्ण करून चाकावरचे पाणी निथळू द्यावे आणि मग फवारा मारावा. मिनिटभरात आऱ्यांवरून जांभळे ओघळ वाहू लागतात. पहिल्यांदा पाहताना चाकाला जखम झाल्यासारखे वाटते. बाटलीवर लिहिलेली वेळ, जी साधारण तीन ते पाच मिनिटे असते, तेवढीच थांबावे, मऊ ब्रशने हलकेच फिरवावे आणि भरपूर पाण्याने धुवावे. द्राव चाकावर वाळता कामा नये. अनेक वर्षे साचलेल्या चाकाला दुसरा हात लागतो, पण दर आठवड्याला हे करण्याचे काहीच कारण नाही.

विकत घेताना सौम्य, म्हणजे पीएच न्यूट्रल, असे लिहिलेले पाहावे. काही धुलाई केंद्रांत बिननावाच्या कॅनमधले ॲसिड फवारतात आणि चाक दोन मिनिटांत पांढरे होते. अशा काही द्रावांत हायड्रोफ्लोरिक ॲसिड किंवा त्याचे क्षार असतात, जे लॅकरला तर खातातच, पण त्वचेतून आत शिरून माणसाला गंभीर इजा करतात. कॅनवर काय लिहिले आहे ते विचारावे. उत्तर मिळाले नाही तर चाके तशीच घेऊन घरी यावे.

माझे दोन मुहूर्त ठरलेले आहेत : पावसाळ्याच्या तोंडावर एकदा आणि दसऱ्याच्या आधीच्या रविवारी एकदा. पूजेनिमित्त एक सूचना देते. चाकाला लावलेले हळदकुंकू दुसऱ्या दिवशी आधी कोरड्या फडक्याने झटकून घ्यावे. हळदीला साबणाचे पाणी लागले की ती लाल होते आणि फिकट रंगाच्या रिमवर डाग पसरतो.

८. डांबराचे ठिपके

फडक्याच्या टोकावर डांबर काढायचा द्राव घेऊन ठिपक्यावर अर्धा मिनिट दाबून धरावा आणि पुसून घ्यावा. नखाने किंवा चाकूने खरवडू नये. नंतर ती जागा शाम्पूने धुवावी.

९. पुसून कोरडे करा

बोअरच्या किंवा टँकरच्या पाण्यात क्षार भरपूर असतात, आणि थेंब जागीच वाळला की त्याचे पांढरे कडे उरते. त्यामुळे चाक आपोआप वाळू देण्याची सवय मोडावी. जुनी कडी पडलेली असतील तर पांढरे व्हिनेगर तितक्याच पाण्यात मिसळून फडक्याने लावावे आणि मिनिटभरात धुऊन टाकावे. लॅकर नसलेल्या ॲल्युमिनियमवर मात्र हा प्रयोग नको.

१०. संरक्षक थर द्या : कष्ट वाचतात ते इथे

हीच पायरी बहुतेक जण गाळतात, आणि सगळी बचत तर हिच्यातच आहे. स्वच्छ, कोरड्या चाकावर सीलंटचा पातळ हात दिला की ब्रेकची भुकटी लॅकरला घट्ट धरत नाही आणि पुढच्या आठवड्यात पाण्याबरोबर वाहून जाते. बॉडीसाठीचे कार्नोबा मेणही चालते, पण ते सुमारे ८२ ते ८६ अंश सेल्सिअसला वितळते, आणि घाट उतरल्यावर ब्रेकच्या शेजारची रिम किती तापते हे हात लावून पाहिलेल्यांना ठाऊक असेल. म्हणून चाकांसाठी कृत्रिम सीलंट बरा. माझा अनुभव असा की तो तीन-चार महिने टिकतो. सिरॅमिक कोटिंग त्याहून बरेच अधिक टिकते, पण त्यासाठी चाक पूर्ण निर्मळ हवे आणि खर्चही बराच येतो. सात वर्षांच्या गाडीला ते करण्याइतका उत्साह माझ्यात नाही.

एक युक्ती आवर्जून सांगते. पुढच्या-मागच्या टायरची अदलाबदल करायची वेळ आली, म्हणजे साधारण दर १०,००० किलोमीटरला, की आदल्या दिवशी चाके नीट धुवावीत आणि दुकानात सीलंट व फडके बरोबर न्यावे. चाक खोललेले असताना आतल्या भिंतीला दोन मिनिटांत हात देता येतो, जो एरवी आऱ्यांमधून बोटे घालून देणे अशक्य असते. त्यासाठी दुपारची निवांत वेळ निवडावी आणि दुकानदाराला आधी विचारावे. चाक जिथे हबला, म्हणजे ते ज्यावर बसवतात त्या मधल्या भागाला, टेकते ती जागा आणि नटांच्या जागा यांना काहीही लावू नये.

याहून महत्त्वाची सावधगिरी अशी की सीलंट, मेण किंवा टायर चमकवायचे पॉलिश यांचा थेंबही डिस्कवर आणि पॅडवर जाता कामा नये. त्याने ब्रेक घसरतात. म्हणून सीलंट आणि पॉलिश फडक्यावर घेऊन लावावे, चाकावर फवारू नये. पॉलिश टायरच्या बाजूलाच लावावे. रस्त्याला टेकणाऱ्या भागाला लागले तर पकड कमी होते.

११. आठवड्याचे काम

यानंतर दर आठवड्याला पाणी, शाम्पूचे फडके, पुन्हा पाणी आणि कोरडे पुसणे एवढेच उरते. माझ्या चारही चाकांना मिळून दोन बादल्या पुरतात. उन्हाळ्यात टँकर सुरू झाले की मी फक्त ओले फडके फिरवते आणि सीलंटमुळे तेही चालून जाते. समुद्राकाठच्या वाळूत गाडी नेली असेल तर मात्र घरी आल्यावर गोड्या पाण्याने लगेच धुवावी. खाऱ्या पाण्याला आठवडाभराची सवलत देऊ नये.

१२. मुळात भुकटीच कमी होऊ द्या

घाट ज्या गियरमध्ये चढतो त्याच गियरमध्ये उतरावा, हा जुना धडा ब्रेक तापू नयेत म्हणून दिलेला आहे. त्याच्याच कृपेने चाकेही कमी काळी होतात. शहरात पुढचा सिग्नल लाल दिसताच पाय वर घेतला तरी फरक पडतो. इलेक्ट्रिक गाडीत वेग कमी करण्याचे बरेच काम मोटर करते, त्यामुळे तिची चाके तुलनेने स्वच्छ राहतात.

पॅड बदलायची वेळ आली की कमी भुकटीचे सिरॅमिक पॅड मिळतात का ते विचारावे; पण तुमच्या गाडीसाठी शिफारस केलेले असतील तरच घ्यावेत. ब्रेकची ताकद आणि चाकाची चमक यांत निवड करण्याची वेळ येऊ देऊ नये. युरोपने २०२४ साली मंजूर केलेल्या युरो ७ नियमांत ब्रेकमधून उडणाऱ्या कणांवरही प्रथमच मर्यादा घातली आहे, तेव्हा कमी भुकटीचे पॅड पुढे अधिक गाड्यांत मूळचेच दिसू लागतील असे मला वाटते.

१३. धुतल्यावर गाडी तशीच उभी करू नका

चाके धुतल्यावर सोसायटीला एक फेरी मारावी आणि मोकळ्या जागी दोन-तीनदा हलके ब्रेक लावावेत, म्हणजे डिस्क आणि पॅड कोरडे होतात. सुरुवातीचा एखादा ब्रेक थोडा सैल लागेल, तेव्हा वेग कमीच ठेवावा. ही फेरी चुकली तर दुसऱ्या दिवशी डिस्कवर केशरी गंज दिसतो. तो वरवरचा असतो आणि चार ब्रेकांत निघून जातो. पावसाळ्यात ओल्या ब्रेकांवर हँडब्रेक ओढून गाडी दोन-तीन दिवस उभी ठेवली, तर मागच्या ड्रम ब्रेकचे लाइनर, म्हणजे आतून घासणारे अस्तर, ड्रमला धरून बसतात आणि निघताना मोठा कडाका होतो. सपाट जागा असेल तर गाडी गियरमध्ये ठेवून, ऑटोमॅटिक असल्यास पार्कमध्ये ठेवून, चाकाला विटेचे किंवा लाकडाचे ओट लावावे आणि हँडब्रेक मोकळा सोडावा.